पान्ह्याची अडचण

गळतीबाईंच्या खोलीचं छत गळत होतं, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

सांगून पाहिलं नव्हतं असं नाही. दोन वर्षांत चार अर्ज झाले होते. पहिल्या अर्जाला तिनं साधा सरळ विषय दिला, 'गळतीबाबत'. देखभाल विभागानं विषय वाचला, मजकूर वाचायची तसदी घेतली नाही, आणि 'गळती हा विषय आपल्याच कक्षाकडे असल्याने योग्य त्या कार्यवाहीसाठी परत' असा शेरा मारून कागद तिच्याकडेच धाडला. त्यांचंही चूक नव्हतं. दारावर पाटीच होती: विद्यार्थी गळती अभ्यास कक्ष. दुसऱ्या अर्जात तिनं शहाणपणानं तो शब्द टाळला आणि 'छतातून पाणी येण्याबाबत' असं लिहिलं. त्यावर उत्तर आलं, 'पाणी येत असल्याची नोंद घेतली.' तिसरा अर्ज हरवला. चौथ्यानंतर तिनं घरून बादली आणली.

बादलीत मिनिटाला अकरा थेंब पडायचे. तिनं मोजले होते.

हे महाविद्यालय हातानं करायच्या कामांचं. नळकाम, वातानुकूलन, दातांच्या कवळ्या, शिवणयंत्रं. तीन वर्षं घासली की पदवी. शंभर जण आत यायचे आणि शेवटी साठेक उरायचे. मधले चाळीस कुठं जातात आणि का जातात, हे शोधायला तिला नेमलं होतं. तिचा प्रबंध याच विषयावर, सात शोधनिबंध याच विषयावर. अकरा वर्षं एकच चंदन उगाळल्यावर माणसाला त्याचाच वास येतो. सगळं कॉलेज तिला गळतीबाई म्हणायचं, आणि तोंडावर म्हणायचं. तिच्या खोलीच्या बरोब्बर वर नळकामाची कार्यशाळा होती. म्हणजे गळती थांबवायला शिकणारी चाळीस मुलं वर, गळतीचा अभ्यास करणारी बाई खाली, आणि मधल्या छतातून पाणी.

नेमणूक पाच वर्षांच्या करारावर होती आणि करार या महिनाअखेरीला संपत होता. बाहेरून तिघांची समिती येणार, काम बघणार, आणि करार वाढवायचा की पाटी उतरवायची ते ठरवणार. पाटी उतरली तर तिच्यासारखीला मिळण्याजोगं एकच काम होतं: शहराच्या दुसऱ्या टोकाला संध्याकाळचे वर्ग. म्हणजे दीड वर्षाची चिंगी दुपारची झोपून उठली की आईनं निघायचं आणि ती पुन्हा झोपली की परतायचं. दुपारनंतर जागी असलेली चिंगी आठवड्याला किती तास मिळेल, याचं गणित तिनं करून ठेवलं होतं. साडेअकरा.

तसं गणित तिच्या हाडीमाशी होतं. कोण गळणार हे आधीच ओळखायचं एक सूत्र तिनं बसवलं होतं. मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर दोन गुण, येण्याजाण्यात दोन तास जात असतील तर दोन, झोप सहा तासांहून कमी असेल तर तीन, असं करत दहापर्यंत. सातच्या वर गेलेला माणूस पहिल्याच वर्षी गळतो. एकदा डबा खाता खाता तिनं स्वतःला गुण देऊन पाहिले. नऊ आले. तरी ती अजून इथं होती, हे तिनं सूत्रातली त्रुटी म्हणून नोंदवून ठेवलं.

समितीपुढे ठेवायला तिच्याकडे हुकमाचा एक्का होता: अहवालाचं पाचवं प्रकरण.

कॉलेज सोडणाऱ्यानं एक अर्ज भरायचा असतो. त्यात कारणांपुढे चौकोन. आर्थिक, आरोग्य, वैयक्तिक, आणि सर्वांत खाली 'इतर (थोडक्यात लिहा)'. त्यापुढे दोन बोटं मावतील एवढी रेघ. शंभरातले सत्तर 'वैयक्तिक'वर खूण करून मोकळे होतात. पण नळकामाला गेल्या तीन वर्षांत आलेल्या नऊ मुलींपैकी सात जणी सोडून गेल्या होत्या, आणि सातही जणींनी त्या दोन बोटांच्या रेघेवर काहीतरी लिहिलं होतं. 'पान्ह्याची अडचण.' 'पान्हा पुरत नाही.' 'पान्हा जड होतो.' 'वेळेला पान्हा नाही.' एकीनं तर नुसतंच 'पान्हा' लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

ते अर्ज एकत्र वाचले त्या दिवशी तिनं खोलीचं दार लावून घेतलं. चिंगी चार महिन्यांची असताना ती कामावर पुन्हा रुजू झाली होती. जुन्या उत्तरपत्रिकांच्या खोलीत, दाराला आतून खुर्ची टेकवून, ती दूध काढायची. बाहेर पावलं वाजली की पान्हा आखडायचा. सहाव्या महिन्यात तो आटला तो आटलाच. घरात कुणी ब्र काढला नाही, म्हणून तिनंही काढला नाही. आणि आता या सात पोरींनी, ओळख ना पाळख, तिच्या मनातलं दोन बोटांच्या रेघेवर लिहून ठेवलं होतं.

एकाच पुराव्यावर विसंबू नये, एवढं शास्त्र तिला ठाऊक होतं. ती वर कार्यशाळेत मास्तरांकडे गेली. मास्तर पाइपाला आटे पाडत होते.

"मास्तर, विषय जरा नाजूक आहे," ती म्हणाली. "तुमच्याकडच्या मुलींना पान्ह्याचा त्रास होतो का हो?"

"होणारच की," मास्तर मान वर न करता म्हणाले. "सवय नसते. जड होतो. हात भरून येतात."

"मग त्या काय करतात?"

"काय करणार? सोसतात, नाहीतर सोडतात."

"आणि जे टिकतात ते कसं निभावतात?"

"मुलं आणतात ना घरून. मग काही अडत नाही."

चोपन्न वर्षांचा पुरुष या विषयावर इतकं मोकळं बोलतो, यानंच तिला भरून आलं. तिनं वहीत लिहिलं, 'मूल घरून आणल्यास अडचण राहत नाही', आणि खाली तारीख टाकली.

प्रकरण एकेचाळीस पानांचं झालं. प्राचार्यांनी ते एका बैठकीत वाचलं. त्यांना नुकतीच नात झाली होती. शेवटच्या पानाला त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तिथल्या तिथं हुकूम दिला. कार्यशाळेशेजारची रंगांच्या डब्यांची खोली रिकामी झाली. तिथं आरामखुर्ची आली, पडदा आला, हात धुवायला बेसिन आलं, एक पाळणा आला, आणि दाराशी वापराची नोंदवही टांगली गेली. मातृकक्ष. उद्घाटनाचा फोटो छापून आला. या गोष्टीला पाच महिने झाले होते. नोंदवहीत पहिली नोंद गळतीबाईची होती, 'पाहणी'. पुढच्या सगळ्या हेडक्लार्कच्या होत्या. तीस वर्षं जावक टपाल सांभाळल्यामुळे त्यांना सगळे जावककाका म्हणत. त्यांच्या नोंदी अशा: 'दुपारी १ ते २, पाठ.' 'दुपारी १ ते २, पाठ.' 'दुपारी १ ते २.३०, पाठ व मान.'

मुली लाजत असतील, असा तिनं निष्कर्ष काढला आणि दाराला आतून कडी बसवून घेतली. जावककाकांची मोठीच सोय झाली.

समिती यायला आठ दिवस उरले असताना बारकी तिच्या दारात उभी राहिली. नळकामाच्या दुसऱ्या वर्षाची, बाह्या दुमडलेली, कमरेला मोजपट्टी. चणीनं एवढीशी म्हणून बारकी. हातात सोडून जाण्याचा अर्ज. त्यावर गळतीबाईचा शिक्का बसल्याशिवाय कुणाला अधिकृतपणे गळता येत नसे.

तिनं अर्ज पाहिला. रेघेवर लिहिलं होतं, 'पान्ह्यामुळे'.

"बस," ती म्हणाली. आवाज जमेल तितका मऊ केला. "किती महिन्यांचं आहे?"

"काय?"

"बाळ."

"कुणाचं?"

"तुझं."

बारकीनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. "बाई, माझं लग्न नाही झालेलं."

गळतीबाई सुशिक्षित होती. "त्यानं काही बिघडत नाही," ती म्हणाली. "मी कुणाजवळ बोलणार नाही."

"काय बोलणार नाही?"

"अगं, तूच लिहिलंयस ना इथं. पान्ह्यामुळे म्हणून."

"हो मग. चोवीसचा आहे."

"चोवीस महिन्यांचा?" तिच्या कपाळाला आठी पडली. "मग आता खरं तर हळूहळू सोडवायला हरकत—"

"चोवीस इंची!" बारकीनं दोन्ही हात फाकवून लांबी दाखवली.

बादलीत थेंब पडले. सहा तरी पडले असतील.

"पाइप फिरवायचा पान्हा हो, बाई," बारकी म्हणाली. वेड्याला समजवावं तसं, पण आदर राखून. "कुणी पाना म्हणतं. आमच्या स्टोअरच्या वहीत पान्हा आहे, म्हणून आम्हीपण पान्हा. स्टोअरमधून मिळतात ते सगळे चोवीसचे, साडेचार किलोचे. बेसिनखाली डोकं घालून एका हातानं फिरवायचा. आत मी मावते, तो नाही मावत. तिथं दहाचा लागतो."

"मग बाकीचे कसं करतात?"

"मुलं आणतात ना घरून. कुणाचा काका, कुणाचा मामा, सगळे देतात त्यांना. मीपण मामाकडे मागितला. मामा म्हणाला, हत्यार बाईमाणसाच्या हाती दिलं की घराबाहेर जातं आणि परत येत नाही. मी म्हटलं, मामा, ते बाईमाणसाबद्दलच म्हणतात लोक. तर रागावला. प्रॅक्टिकलला दोनदा नापास झाले, बाई. वीस मिनिटांत जोड बसवायचा असतो."

"मुलं आणतात घरून," गळतीबाई सावकाश म्हणाली.

"हो ना."

तिच्या डोळ्यांपुढून एकेचाळीस पानं एकामागून एक गेली. तिचा नवरा लिफ्टच्या कंपनीत मेकॅनिक होता आणि त्याच्या पेटीत असली हत्यारं डझनावारी होती. पण कंपनीचं पुस्तक इंग्रजीत, म्हणून तो त्यांना स्पॅनर म्हणायचा. तिच्या घरात पान्ह्याला एकच अर्थ होता, आणि तोही आटलेला.

"मग ती वरची खोली?" तिनं विचारलं. "तुम्हाला काय वाटलं, ती कशासाठी केली?"

"आम्हाला वाटलं प्राचार्यांच्या घरचं काहीतरी असेल," बारकी म्हणाली. मग तिनं वर पाहिलं. "हा वर कार्यशाळेतल्या बेसिनचा जोड सुटलाय. दहाचा पान्हा असता तर दोन मिनिटांचं काम."

"दोन वर्षं झालीत."

"मग दोन वर्षं आणि दोन मिनिटं."

तिनं शिक्का मारला नाही. "आठ दिवस थांब," म्हणाली आणि तडक स्टोअरमध्ये गेली.

"दहाचे? आहेत की," स्टोअरकीपर म्हणाला. त्याचा अभिमान दुखावला होता. त्यानं गळ्यातल्या किल्लीनं कपाट उघडलं. आत बारा पान्हे तेलकट कागदात गुंडाळून, बाळं निजवावीत तसे ओळीनं निजवले होते. "नवेकोरे. नऊ वर्षं झाली, एक ओरखडा नाही."

"मग मुलींना देत का नाही?"

"दिले की हरवतात. पूर्वी तेरा होते."

"एक हरवला म्हणून बारा कुलपात?"

"बारा कुलपात आहेत म्हणून बारा आहेत, बाई. अहो, समिती आली की काय दाखवू? आले की काढतो, पुसतो, टेबलावर मांडतो. गेले की परत आत."

पान्हा चोरणारी गाय तिनं ऐकली होती. पान्हा चोरणारं कपाट ती पहिल्यांदाच पाहत होती.

संध्याकाळी घरी तिनं सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाई चिंगीला भरवत होत्या. त्यांना इतकं हसू आलं की वाटी खाली ठेवावी लागली. चिंगीनं संधी साधून वाटीत हात घातला.

"अगं, पण त्या सात जणींना कुणी विचारलं होतं का?" डोळे पुसत त्या म्हणाल्या.

"अर्जात कारण होतं ना, आई."

"अर्जाचं काय घेऊन बसलीस! मी रोज विचारते, दुपारी जेवलीस का? तू म्हणतेस, हो. म्हणून काय जेवलेली असतेस?"

चिंगीचा हात पुसता पुसता, दाराला खुर्ची टेकवून बसायचे ते दोन महिनेही तिनं मग सांगून टाकले. सासूबाईंचं हसू थांबलं.

"हे तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर 'काही नाही' म्हणाली असतीस."

"हो."

"मग झालं तर," सासूबाई म्हणाल्या आणि तिच्यापुढे ताट सरकवलं. "जेव. आता बघत बसणार आहे मी."

पुढच्या दोन दिवसांत तिनं सातही जणींना फोन केले. अकरा वर्षांत सोडून गेलेल्या माणसाला तिनं कधी फोन केला नव्हता. नमुना दूषित होतो, असं पुस्तकात होतं. पहिलीनं कॉलेजचं नाव ऐकून फोनच ठेवला आणि तासाभरानं स्वतः केला. दुसरी एका टाक्यांच्या कंपनीत लागली होती. तिचा स्वतःचा दहाचा पान्हा होता आणि तो ती उशाशी घेऊन झोपायची. 'जड होतो' लिहिणारीचं मनगट अजून दुखत होतं. सहा जणींचा पान्हा लोखंडाचा निघाला. सातवीच्या फोनमध्ये मागं एक मूल कशासाठी तरी हटून बसलं होतं.

"नाही हो, मी दुधाचंच लिहिलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा बसायला जागा असती तर राहिले असते. आता काय, तीन वर्षांचा झालाय हा. ऐकताय ना?"

ऐकत होती. सातात एक.

ती प्राचार्यांकडे गेली. प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आता बदलू नका," ते म्हणाले. "फोटो छापून आलाय."

"पण सर, खरं नाहीये ते."

"एकीचं खरं आहे ना?"

"एकीचंच."

"मग 'काही मुली' असं लिहा. एकसुद्धा काहीच असते. आणि हे बघा, समितीला ती खोली आवडणार. खोली आवडली की तुम्ही राहिलात. उगीच पायावर धोंडा पाडून घेऊ नका, बाई. लहान मूल आहे तुमचं."

हे शेवटचं तिलाही माहीत होतं. तिनं पाचवं प्रकरण दोनदा छापून घेतलं, एकदा एकेचाळीस पानांचं, एकदा तीन पानांचं, आणि समितीच्या दिवशी दोन्ही पिशवीत घालून निघाली. बसमध्ये तिनं दोन्हींना गुण देऊन पाहिले. सूत्र लागू पडेना.

समितीच्या अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या. पंपांच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढलेल्या, बोटं जाड, बोलणं कमी. बरोबर दोन सदस्य. एक कागद वाचायचा, दुसरा मान हलवायचा. प्राचार्यांनी त्यांना आधी मातृकक्ष दाखवला. मान हलवणाऱ्यानं पाळणा हलवून पाहिला. अध्यक्षबाईंनी नोंदवही चाळली.

"पाठ व मान म्हणजे?"

जावककाका पडद्याचं कापड निरखू लागले.

मग स्टोअर. टेबलावर बारा पान्हे चकाकत होते आणि मागं स्टोअरकीपर नवरीच्या बापासारखा उभा होता. मग सगळे खाली तिच्या खोलीत आले. खुर्च्या बादलीला वळसा घालून मांडाव्या लागल्या.

"पाचव्या प्रकरणाबद्दल खूप ऐकलंय," कागद वाचणारा म्हणाला. "त्या मुलींपैकी एखादी भेटेल का? बाळासकट भेटली तर उत्तम."

दारात बारकी उभी होती. आठ दिवस संपले होते आणि तिला शिक्का हवा होता. टेबलावर पालथा ठेवलेला फोन एकदा थरथरला. चिंगीचा फोटो असणार. दुपारी उठली की सासूबाई पाठवायच्या. प्राचार्यांनी गळतीबाईकडे पाहून डोळ्यांनीच म्हटलं, काही मुली.

"भेटेल," ती म्हणाली. "पण बाळ नाही." आणि पिशवीतून तीन पानं काढून टेबलावर ठेवली.

तिनं सांगितलं ते फार लांबलं नाही. शब्द एकच होता. अर्थ सात जणींनी लिहिला होता, पण तिनं तो आपल्या घरचा लावला. सातात सहा चुकले. मास्तरांचं 'मुलं आणतात' सांगताना तिचा आवाज जरा घसरला, आणि मान हलवणाऱ्या सदस्याची मान मध्येच थांबली. प्राचार्य खिडकीबाहेर बघत होते. बाहेर भिंत होती.

"अकरा वर्षांत सोडून गेलेल्या किती जणांशी बोललात?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"सात."

"कधी?"

"गेल्या आठवड्यात."

अध्यक्षबाईंनी तीन पानं घडी करून मांडीवर ठेवली. बादलीकडे बोट केलं. "आणि हे काय?"

"गळती."

"कुठली?"

गळतीबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत 'कुठली' असं विचारणारं हे पहिलंच माणूस होतं. "छताची," ती म्हणाली.

"दहाचा पान्हा असता तर—" दारातून बारकी बोलली.

"वर बाराची आरास मांडलीय की," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आण जा एक."

स्टोअरकीपर ओरडत बारकीच्या मागं धावला. वर काहीतरी घासल्याचा आवाज झाला, मग ठोकल्याचा. दोन मिनिटं नाही, सात लागली. खाली पाच माणसं बादलीभोवती बसून वर बघत होती. मिनिटाला अकरा होते त्याचे पाच झाले, मग एक. मग सगळे वाट बघत राहिले आणि काहीच पडलं नाही.

"तो पान्हा तिच्याकडेच राहू दे," अध्यक्षबाई म्हणाल्या. स्टोअरकीपरनं खिन्न मनानं वहीत नोंद केली: दहा इंची, एक नग, हरवला.

निकाल त्यांनी तिथंच सांगितला. पाचवं प्रकरण अहवालातून काढायचं. मातृकक्ष ठेवायचा; सातवीसारखी पुढं कुणी आली तर तिला जागा हवी. स्टोअरचं कपाट उघडं ठेवायचं. आणि गळती कक्षाला एकच वर्ष, तेही एका अटीवर: या कॉलेजातून पाच वर्षांत गळलेल्या प्रत्येकाला फोन करायचा. यादीत सहाशे बारा जण होते.

"एका वर्षात होतील?" प्राचार्यांनी विचारलं.

"एकदाच विचारलं असतं तर आत्तापर्यंत झाले असते," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि उठल्या.

एक वर्ष म्हणजे एक वर्ष. चिंगी अडीच वर्षांची होईल. तेवढं तरी.

पण ज्याला सतत धाकधूक असते त्याची नजर कागदावर पडतेच. चार दिवसांनी ती मुदतवाढीचं पत्र निघालं का बघायला गेली, तर जावककाकांच्या ट्रेमध्ये वरच एक कागद दिसला. देखभाल विभागाकडून आस्थापना विभागाला. 'गळती कक्षाच्या चौथ्या अर्जानुसार समक्ष पाहणी केली असता, सदर कक्षात गळती आढळली नाही. सबब विषय कायमचा बंद करण्यात यावा.'

तिनं ते तीनदा वाचलं. "काका, हा कागद असा गेला तर माझी पाटी उतरेल."

"मजकूर देखभालचा आहे," जावककाका म्हणाले. "मी फक्त जावक."

"एक शब्द घाला मध्ये. 'गळती'च्या आधी, 'छताची'."

"तयार कागदात शब्द घालता येत नाही, बाई. तीस वर्षांत घातला नाही."

"मातृकक्षाची किल्ली आता माझ्याकडे असते, काका."

जावककाकांनी पाठ सरळ करून पाहिली. मग पेन उघडलं, ओळीखाली एक बारीक काकपद काढलं, वर सुबक अक्षरात 'छताची' लिहिलं, आणि शेजारी सही केली.

खोलीत परतल्यावर तिनं बारकीचा अर्ज काढला. त्यावर शिक्का नव्हता आणि आता लागणारही नव्हता. वरून बारकीचा आणि मास्तरांचा कशावरून तरी चाललेला वाद ऐकू येत होता. अर्ज पालथा करून तिनं कोऱ्या बाजूवर यादीतला पहिला नंबर लिहून घेतला. कवळ्यांच्या अभ्यासक्रमाचा, चार वर्षांपूर्वी गेलेला. कारण: वैयक्तिक.

"हॅलो," ती म्हणाली. "तुम्ही कॉलेज सोडताना 'वैयक्तिक'वर खूण केली होती. त्यातलं कुठलं, ते विचारायला फोन केलाय."

पलीकडे इतका वेळ कुणी बोललं नाही की सवयीनं तिनं वर पाहिलं. छत कोरडं होतं.

"वेळ आहे का तुमच्याकडे?" पलीकडून विचारलं.

तिनं घड्याळाकडे पाहिलं. चिंगी उठायला अजून तास होता.

"आहे," ती म्हणाली. बादली पालथी घातली आणि तिच्यावर पाय ठेवून ऐकत बसली.